जुन्या जीपला नवं स्टेअरिंग

पेठला रस्त्याच्या कडेला एखादी जुनी महिंद्राची जीप नाहीतर बारा-पंधरा वर्षांची बोलेरो उभी दिसली, तर एकदा काचेतून आत डोकावून बघा. पत्र्याला गंज, दाराला सुतळी, सीटचा फोम बाहेर आलेला. पण स्टेअरिंग मात्र कोरं करकरीत. नव्या मॉडेलचं, मऊ पकडीचं, मधोमध कंपनीचा चकचकीत बिल्ला. जुनं तडकलं म्हणून, खांदे भरून येतात म्हणून, किंवा सरळ सांगायचं तर हौस म्हणून बदललेलं. आपल्या आंबेगाव-जुन्नरमध्ये हे इतकं नेहमीचं झालंय की यावर कुणी एवढी मोठी पोस्ट लिहील असं वाटायचंही नाही.

लिहायचं कारण असं, की स्टेअरिंग ही वस्तू आपल्या डोळ्यांदेखत पार बदलली आणि आपल्याला त्याचा पत्ता लागला नाही. आधी ते नुसतं गाडी वळवायचं कडं होतं. आता नव्या मोटारीत ते अपघातात माणूस वाचवायच्या यंत्रणेचा भाग आहे. दिसायला दोन्ही गोलच, म्हणून अदलाबदल सोपी वाटते. ही सवय आपल्याला कुठून लागली आणि ती आता कुठे नडतेय, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

बैलगाडीला स्टेअरिंग नव्हतं, कासरा होता. शर्यतीच्या घाटात वाढलेल्या माणसांना ते सांगायला नको. पहिल्या मोटारींनाही गोल स्टेअरिंग नव्हतं. होडीच्या सुकाणूसारखा एक दांडा असायचा, तो इकडे-तिकडे ढकलायचा. १८९४ साली फ्रान्समध्ये पॅरिस ते रुआँ अशी मोटारींची शर्यत झाली. तिच्यात आल्फ्रेड वाशेरों नावाच्या गृहस्थांनी आपल्या पानार गाडीला दांड्याच्या जागी गोल चाक बसवलं. पुढे पाच-दहा वर्षांत सगळ्यांनी तेच उचललं. म्हणजे बघा, स्टेअरिंगच्या इतिहासाची सुरुवातच मुळी जुनं काढून नवं बसवण्यापासून झालेली आहे. त्यामुळे आपल्या गॅरेजवाल्यांना नावं ठेवायचं काही कारण नाही.

मोटार आणि आपला तालुका यांचं नातं मात्र एका वेगळ्याच घटनेने इतिहासात नोंदलं गेलं. महाळुंगे पडवळचे बाबू गेनू सैद मुंबईत गिरणीत कामाला होते. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाने भरलेल्या लॉरीसमोर ते आडवे झाले आणि लॉरी त्यांच्या अंगावरून गेली. हिंदी ड्रायव्हरने गाडी पुढे न्यायला नकार दिला, तेव्हा गोऱ्या सार्जंटने स्वतः स्टेअरिंग हातात घेतलं, अशी हकीकत आपल्याकडे सांगतात. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज हुतात्मा बाबू गेनू सागर हे नाव आहे. शाळेत आपण ही गोष्ट ऐकतो ती बलिदानाची म्हणून. पण त्यात स्टेअरिंग सोडणारा एक माणूस आहे आणि धरणारा एक आहे, याकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. यंत्र कुणाच्या हातात आहे आणि तो त्याचं काय करतो, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या मातीत आहे.

स्वातंत्र्यानंतर खेड्यापाड्यांत जी मोटार पोचली ती जीप. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन लष्कराच्या उरलेल्या जीपा आणि ट्रक इथेच विकले गेले. जुनी माणसं त्यांना ‘डिस्पोजलच्या गाड्या’ म्हणायची. त्यांचं स्टेअरिंग डावीकडे. घाटात समोरून गाडी आली की ड्रायव्हर दरीच्या नाहीतर डोंगराच्या बाजूला, आणि समोरचा रस्ता बघायला शेजारच्याला विचारायचं! आजच्या मोटार वाहन कायद्यातही कलम १२० डाव्या स्टेअरिंगबद्दलच आहे.

मग महिंद्रा आली. १९४५ साली लुधियान्यात ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेली कंपनी. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले; इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं आणि मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात झाली. १९५२ मध्ये सामुदायिक विकास योजना आली, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. गावात जीप आली म्हणजे ‘साहेब आले’ असं समीकरण होऊन बसलं.

त्या जीपचं स्टेअरिंग आठवा. तीन बारीक दांड्या, कडक काळं कडं आणि आकार साधारण सतरा-साडेसतरा इंच. एवढं मोठं कशाला? तर तेव्हा पॉवर स्टेअरिंग नव्हतं. पुढची चाकं वळवायला जो जोर लागतो तो सगळा ड्रायव्हरच्या दंडातून यायचा. विहिरीचा रहाट जितका मोठा तितका हलका, तसंच हे. कडं मोठं असेल तर हाताला जोर कमी लागतो. साडेसतरा इंचांचं काढून आजच्या मोटारीसारखं साडेचौदा इंचांचं बसवलं, तर तेवढंच वळण घ्यायला सुमारे वीस टक्के जास्त जोर लावावा लागतो. हिशेब सोपा आहे, साडेसतराला साडेचौदाने भागा. नवं स्टेअरिंग हातात छान बसतं, गाडीत चढता-उतरताना मांडीला लागत नाही, हे सगळं खरं. पण बटाट्याच्या गोण्या भरून अवसरी घाट उतरताना आतल्या वळणावर तो वीस टक्क्यांचा फरक जाणवतो.

पेठ दोन घाटांच्या मधे आहे. दक्षिणेला खेड घाट, उत्तरेला अवसरी घाट. सातगाव पठाराचा माल कुठेही न्यायचा तरी एक घाट उतरावाच लागतो. चौपदरीकरणाने आता बरीच वळणं मोडली, पण जुन्या नंबर ५० च्या हायवेवर (आता तो ६० नंबर झालाय) ज्यांनी ट्रक चालवले त्यांना विचारा. एसटीचंही तेच. १ जून १९४८ ला पुणे-नगर अशी पहिली एसटी धावली, आणि त्यानंतर कित्येक वर्षं एसटीच्या ड्रायव्हरने परातीएवढं स्टेअरिंग जवळजवळ उभं राहून, दोन्ही हातांनी ओढून वळवलेलं आपण पाहिलंय. लहानपणी खिडकीपेक्षा तेच बघण्यात जास्त मजा यायची. तो मोठा घेर म्हणजे थाट नव्हता, गरज होती.

फियाटची तऱ्हा निराळी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची. तिचा गिअर स्टेअरिंगच्या दांड्यालाच असायचा. त्यामुळे तिथे स्टेअरिंग बदलणं म्हणजे हॉर्न, गिअरचा दांडा, इंडिकेटर सगळ्यालाच हात घालणं. मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा हळहळलेल्यांत आपल्याकडचे मुंबईकर पुष्कळ होते.

आपला खरा काळ मात्र काळी-पिवळीचा. कमांडर, एमएम ५४०, ट्रॅक्स. मागे दहा-बारा, पुढे चार, आणि ड्रायव्हर सीटच्या काठावर. एक पाय आत, अर्धं अंग दाराबाहेर, एक हात स्टेअरिंगच्या वरच्या कडेला. अशा अवस्थेत माणूस मंचरहून घोडेगावला आणि नारायणगावहून जुन्नरला गेला. तेव्हाचे मेकॅनिक स्टेअरिंग काढायचे तेही सोप्या रीतीने: मधलं हॉर्नचं बटण उपटायचं, नट सोडायचा, खालून दोन्ही हातांनी ओढ द्यायची आणि नाही निघालं तर दांड्याच्या टोकावर हातोडा. दांडा भरीव लोखंडाचा, त्याला काही होत नसे. एका जीपचं दुसरीला बसायचं. जुनं तडकलं की भंगारातलं आणायचं, रेक्झिन गुंडाळायचं, पुढे चालू. आपली सवय तिथली आहे. आणि त्या काळापुरती ती चूक नव्हती.

पण त्याच भरीव दांड्याबद्दल तोवर जगात मोठा गदारोळ होऊन गेला होता.

समोरून धडक बसली की गाडीचं तोंड मागे येतं आणि त्याच्याबरोबर स्टेअरिंगचा दांडाही मागे येतो. ड्रायव्हर पुढे फेकला जातो. छाती आणि दांडा समोरासमोर. सगळ्या जगात कित्येक ड्रायव्हर असे गेले. गाडीचा पुढचा भाग फारसा चेपलेला नाही आणि ड्रायव्हर मात्र गेला, असं व्हायचं. १९६५ साली अमेरिकेत राल्फ नेडर या वकिलाने मोटारींच्या असुरक्षिततेवर पुस्तक लिहिलं, त्यात वाहन कंपन्यांना धारेवर धरलं. त्यातल्या एका कंपनीने आधी नेडरच्याच मागे हेर लावले; ते उघडकीला आल्यावर पुस्तक आणखी गाजलं. अखेर कायदा झाला आणि १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींचं स्टेअरिंग धडकेत चेपलं पाहिजे, दांडा मागे येता कामा नये, असा नियम आला. त्याआधीच १९६७ च्या मॉडेलांत दुमडणारा, म्हणजे दुर्बिणीसारखा एकात एक सरकणारा दांडा बसवायला सुरुवात झाली होती.

हा दांडा नेहमीच्या वेळी सरकू नये म्हणून त्यात ठरावीक जोरानेच तुटतील अशा प्लास्टिकच्या खुंट्या ठेवायची पद्धत आहे. आता जुन्या सवयीचा मेकॅनिक अशा दांड्याच्या टोकावर हातोडा घालतो तेव्हा काय होत असेल, विचार करा. खुंट्या तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. स्टेअरिंग निघतं, नवं बसतं, गाडी चालते. दांडा मात्र आता सैल, नाहीतर आधीच अर्धा सरकलेला. एकाच हातोड्याचा घाव कमांडरला चालायचा, तो पुढच्या पिढीच्या गाडीला घातक ठरतो. म्हणून स्टेअरिंग काढायला पुलर नावाचं साधं हत्यार मिळतं. फार महागही नसतं. ज्या गॅरेजमध्ये ते नाही, तिथे स्टेअरिंगला हात लावू देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मधल्या काळात स्टेअरिंग लहान होत गेलं. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. हलकी गाडी, हलकं स्टेअरिंग, घेर आटोपशीर. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ मध्येच पॉवर स्टेअरिंग करून दाखवलं होतं, क्रायस्लरने १९५१ मध्ये ते विक्रीच्या मोटारीत आणलं. आपल्याकडे सर्वसामान्यांच्या गाडीत ते यायला नव्वदचं दशक उजाडलं. जोर यंत्र लावायला लागल्यावर मोठ्या घेराची गरज संपली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. नव्या गाडीचं लहान स्टेअरिंग हे पॉवर स्टेअरिंगच्या भरवशावर लहान आहे. ते काढून बिनपॉवरच्या जुन्या गाडीला लावलं, की लहानपणा आला पण भरवसा मागेच राहिला.

हे सगळं कुठे लांब घडत होतं असं नाही. आपल्याच हायवेवर घडत होतं. एका टोकाला नाशिक, तिथे महिंद्राच्या कारखान्यात २००० सालापासून बोलेरो बनते. दुसऱ्या टोकाला पिंपरीचा टेल्कोचा कारखाना, तिथून १९९८ अखेर इंडिका आली. मधे चाकण: २००९ मध्ये फोक्सवॅगन, त्याच सुमारास मर्सिडीज, मग महिंद्राचा दुसरा कारखाना. आपल्या घरटी कुणी ना कुणी या पट्ट्यात कामाला आहे. मोटार वाहनांची चाचणी करणारी एआरएआय पुण्यात १९६६ पासून, आणि भोसरीला याच पुणे-नाशिक रस्त्यावर सीआयआरटी. ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘भारत एनकॅप’ या योजनेत गाड्यांना सुरक्षिततेचे तारे मिळतात, त्याचं काम या सीआयआरटीकडे आहे. म्हणजे देशातली मोटार किती सुरक्षित हे जिथे ठरतं, तिथून निघालेला रस्ता पेठवरून जातो. आणि त्याच रस्त्यावर आपण भंगारातलं स्टेअरिंग वेल्डिंग करून घाट उतरतोय.

एअरबॅगकडे येतो, कारण खरी गडबड तिथे आहे.

१ जुलै २०१९ पासून भारतात बनणाऱ्या प्रत्येक प्रवासी मोटारीला ड्रायव्हरसाठी एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीची बोलेरो आणि त्यानंतरची बोलेरो शेजारी उभ्या करा. बाहेरून बहिणी-बहिणी. पण आधीच्या साध्या मॉडेलच्या स्टेअरिंगमध्ये हॉर्नचं बटण आणि नंतरच्यात घडी घातलेली पिशवी, तिच्यामागे क्षणात वायू तयार करणारं रसायन. धडक बसली की गाडीतला सेन्सर ओळखतो, कंट्रोल युनिट हुकूम देतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पिशवी फुगते. स्टेअरिंग गोल फिरतं तरी तार तुटू नये म्हणून मधे घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी असते, तिला क्लॉक स्प्रिंगच म्हणतात. ती बरोबर मधोमध धरून बसवली नाही तर एका बाजूला पूर्ण वळण घेताना तुटते. मग हॉर्नही जातो आणि एअरबॅगही.

जुन्या बोलेरोवाल्याला नव्या बोलेरोचं स्टेअरिंग आवडणं साहजिक आहे. एकच कंपनी, एकच नाव, भारी दिसतं. पण जुन्या गाडीत सेन्सर नाही, युनिट नाही, क्लॉक स्प्रिंग नाही. अशा गाडीला ते लावलं तर ‘एअरबॅग’ ही अक्षरं तेवढी मिळतात. चालवणाऱ्याला माहीत असतं, पण गाडी पुढे विकली की घेणाऱ्याला कोण सांगतो? त्याला वाटतं एअरबॅगची गाडी घेतली. बायको-पोरं घेऊन तो भीमाशंकरला नाहीतर लेण्याद्रीला त्या अक्षरांच्या भरवशावर जातो.

आणि ती पिशवी आत असेल तर ती निर्जीव नसते. भंगारातल्या गाडीची एअरबॅग किती ऊन खाल्लेली, पाण्यात बुडालेली, कुणी उघडलेली, हे कळायला मार्ग नाही. टेस्टिंगचा दिवा लावून तारा तपासताना ती हातात उडू शकते. तकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण वाचा: उष्णता आणि दमटपणामुळे आतलं रसायन बिघडायचं आणि फुगताना धातूचे तुकडे अंगावर यायचे. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, होंडाने भारतातही अनेक टप्प्यांत बोलावल्या, तकाटा २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. हे कारखान्यातून नव्या निघालेल्या मालाचं. मग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर टोपलीत ठेवलेल्या मालाची खात्री कोण देणार? आपल्या जवळची कुदळवाडीची भंगाराची गोदामं फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने पाडली, पण भंगार कुठून ना कुठून येतंच.

मग जुन्या गाडीचं स्टेअरिंग बदलूच नये का? असं अजिबात म्हणत नाही. उन्हाने तडकलेलं, आतली लोखंडी तार उघडी पडलेलं स्टेअरिंग ठेवणंही धोक्याचंच. घामाने हात सटकतो. बदलायचं तर त्याच गाडीच्या, त्याच पद्धतीच्या दांड्याच्या नंतरच्या मॉडेलचं, एअरबॅग नसलेलं, कारखान्याचं घ्यावं. बाजारात मिळणाऱ्या ‘स्पोर्ट’ स्टेअरिंगपेक्षा ते केव्हाही बरं, कारण त्याच्या आतल्या सांगाड्याची कुणीतरी परीक्षा घेतलेली असते. बघायचे ते दांड्याचे दाते. स्टेअरिंगच्या भोकात आणि दांड्यावर बारीक दाते असतात, त्यांची संख्या आणि जाडी दोन्ही जुळली पाहिजे. हाताने ठेवल्यावर ते सरळ बसलं पाहिजे; ‘ठोकलं की बसेल’ म्हणजे बसत नाही. काही ठिकाणी दाते जुळले नाहीत तर मधे बुशिंग घालतात किंवा जुन्याचा मधला भाग कापून नव्याला वेल्डिंग मारतात. हे मात्र कृपा करून कुणी करू नका. ते वेल्डिंग घाटातल्या एखाद्या खड्ड्याच्या धक्क्याने सुटलं तर स्टेअरिंग हातात येतं आणि गाडी तिच्या मनाने जाते.

काढण्याआधी पुढची चाकं सरळ करून दांड्यावर आणि स्टेअरिंगवर खूण करायची. बसवल्यावर नट कंपनीने सांगितलेल्या जोरानेच आवळायचा, अंदाजाने नाही. मग गाडी जागेवर उभी करून दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवायची. इंडिकेटर वळणानंतर आपोआप बंद होतो का, हॉर्न प्रत्येक कोनात वाजतो का, हे बघायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ म्हणतो की स्टेअरिंगचा रिकामा खेळ, ज्याला आपण ‘प्ले’ म्हणतो, तो तीस अंशांपेक्षा जास्त नसावा. बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात, बोल्ट आणि पिना पक्क्या अडकवलेल्या असाव्यात. तीस अंश म्हणजे साडेसतरा इंची स्टेअरिंगच्या कडेवर साधारण साडेचार इंच. साडेचौदा इंची स्टेअरिंगवर तोच खेळ पावणेचार इंचांवर येतो. म्हणजे प्ले बोटांनी मोजायची सवय असेल तर स्टेअरिंग लहान केल्यावर प्ले कमी झाल्यासारखा वाटतो. खाली टाय रॉड तेवढाच झिजलेला असतो! ‘नवं स्टेअरिंग टाकल्यापासून गाडी कशी टाइट झाली’ असं कुणी म्हणालं तर त्यातलं अर्धं श्रेय या भूमितीला द्या.

कलम ५२ नुसार गाडीत परस्पर बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात कंपनीच्या मूळ रचनेला धक्का लावायचा नाही हे आणखी ठासून सांगितलं. पण आरसी बुकात इंजिन नंबर असतो, चॅसी नंबर असतो, रंग असतो, सीट असतात. स्टेअरिंगची नोंद कुठेच नसते. म्हणजे गाडीचा रंग बदलला तर कागदावर पकडता येतं, स्टेअरिंग बदललं तर नाही. टॅक्सी आणि टेम्पोला निदान फिटनेस तरी आहे, आठ वर्षांनंतर दरवर्षी. खासगी जीपला पहिली पंधरा वर्षं कुणी विचारत नाही. आणि मग एकदा तपासली की पुढची पाच वर्षं पुन्हा नाही.

आणि सगळ्यात मोठी फट वेगळीच आहे. २०१९ चा एअरबॅगचा नियम प्रवासी मोटारींसाठी आला. मालवाहू पिकअप त्याच्या बाहेर. आपल्या दोन्ही तालुक्यांत सगळ्यात जास्त राबणारं वाहन कुठलं? मंचरच्या बाजार समितीत आणि नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात पहाटे कुठल्या गाड्यांची रांग लागते? पिकअपच. शेतमजूर ज्यात मागे उभे राहून जातात तेही तेच. शहरातल्या माणसाच्या मोटारीत पिशवी सक्तीची आणि रोज रात्री बारा वाजता माल भरून वाशीला निघणाऱ्या ड्रायव्हरपुढे नियमाने काहीच नाही, हा फरक कुणी ठरवला आणि का, हा प्रश्न आपल्या आमदार-खासदारांना विचारायला हवा. पुतळे आणि बायपासच्या श्रेयावर इतक्या पोस्टी पडतात, यावर एकही नाही.

तोवर आपल्या हातातलं एक काम सांगतो. पठारावर बटाट्याची काढणी सुरू झाली की पेठपासून मंचरपर्यंत जुन्या गाड्यांची वर्दळ वाढते. त्याच्या आठ दिवस आधी बाजार समितीने गेटवर एक दिवस स्टेअरिंग तपासणी ठेवावी, फुकट. एक जाणता मेकॅनिक, एक खडू, एक टेप. गाडी उभी करायची, चाकं सरळ, कडेवर खडूची खूण, चाक हलायला लागेपर्यंत किती इंच फिरतं ते मोजायचं. बॉनेट उघडून बॉल जॉइंटच्या टोप्या बघायच्या. मधल्या नटाजवळ वेल्डिंगचा डाग दिसला तर ड्रायव्हरला बाजूला घेऊन सांगायचं. दंड नाही, पावती नाही. एका गाडीला पाच मिनिटंही लागणार नाहीत. मोशीच्या आरटीओतून एखादे निरीक्षक आले तर उत्तमच, नाही आले तरी चालेल. समितीच्या संचालकांपैकी बरेच जण ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे. तारीख कळवा, खडू आणि टेप घेऊन मी येतो.